नायिका सतरा वर्षांची, वाचक तिशीतली

२१ जानेवारी २०२५ रोजी रिबेका यारोस यांची ‘ऑनिक्स स्टॉर्म’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिल्या आठवड्यात छापील, ई-बुक आणि ऑडिओ मिळून तिच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रौढांसाठीची कोणतीही कादंबरी अमेरिकेत त्याआधीच्या २० वर्षांत इतक्या वेगाने विकली गेली नव्हती. मालिकेच्या सुरुवातीला तिची नायिका व्हायोलेट २० वर्षांची आहे. प्रकाशन व्यवसायात या वर्गाला ‘न्यू अडल्ट’ म्हणतात: पात्रे साधारण १८ ते २५ वयाची, नुकतीच घराबाहेर पडलेली, आणि मध्यभागी प्रेमकथा. त्याच्या आधीचा वर्ग ‘यंग अडल्ट’, म्हणजे १२ ते १७ वयाच्या वाचकांसाठीचा.

एका पुस्तकाचा खप अपवाद असू शकतो, म्हणून संपूर्ण प्रकाराचे आकडे पाहू. अमेरिकेत २०२० साली प्रेमकादंबऱ्यांच्या १.८ कोटी छापील प्रती विकल्या गेल्या. २०२३ साली ही संख्या ३.९ कोटींवर गेली. तीन वर्षांत ११७ टक्के वाढ. करोनाकाळात सगळीच पुस्तके जास्त खपली, असे उत्तर यावर दिले जाते. ते २०२१पुरते खरे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील छापील पुस्तकांची एकूण विक्री ८.९ टक्क्यांनी वाढून ८२.५७ कोटी प्रतींवर गेली होती. २०२२ मध्ये मात्र एकूण विक्री ६.५ टक्क्यांनी घटली आणि प्रेमकादंबऱ्यांची ५२.४ टक्क्यांनी वाढली. २०२३ मध्ये एकूण विक्री आणखी २.६ टक्के घटून ७६.७४ कोटींवर आली. हिशेब केला तर २०२० साली विकल्या गेलेल्या दर ४२ पुस्तकांमागे एक प्रेमकादंबरी होती; २०२३ साली दर २० पुस्तकांमागे एक.

हा आकडाही कमीच धरायला हवा. वरचे आकडे सर्काना बुकस्कॅन या संस्थेचे आहेत; तिची मोजणी छापील विक्रीची असते, आणि तीही साधारण ८५ टक्के. ई-बुक, ऑडिओ आणि वर्गणी भरून वाचलेली पुस्तके तिच्यात येत नाहीत. प्रेमकादंबऱ्यांचा वाचक ई-बुककडे इतर वाचकांच्या आधी वळला, त्यामुळे मोजणीतून निसटणारा हिस्सा या प्रकारात अधिक आहे.

आता प्रश्न असा, की ही पुस्तके विकत कोण घेते. २०१२ साली बावकर या संस्थेने ‘यंग अडल्ट’ पुस्तकांच्या खरेदीदारांची पाहणी केली. प्रकाशकांनी १२ ते १७ वयासाठी काढलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार १८ किंवा त्याहून अधिक वयाचे निघाले. सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा होता. एकूण विक्रीत त्याचा एकट्याचा वाटा २८ टक्के. आई-वडील मुलांसाठी घेत असतील, ही शंका पाहणीने तपासली होती. या प्रौढ खरेदीदारांनी १०० पैकी ७८ वेळा पुस्तक स्वतः वाचण्यासाठी घेतले होते. बारा वर्षांनंतर ब्रिटनमधील एका पाहणीत ‘यंग अडल्ट’ वाचकांपैकी ७४ टक्के प्रौढ आढळले आणि २८ टक्के २८ वर्षांहून मोठे. दोन देश, दोन पद्धती; एकीकडे खरेदीदार मोजले, दुसरीकडे वाचक. त्यामुळे ५५चे ७४ झाले असे म्हणता येत नाही. बहुसंख्य कोण, याबद्दल मात्र दोन्ही पाहण्यांचे उत्तर एकच आहे.

ज्यांच्या नावाने हे कपाट भरले जाते, त्या मुलामुलींचे आकडे उलट दिशेने जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांना विचारतात, की तुम्ही आवड म्हणून किती वेळा वाचता. ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर देणारे २०१२ मध्ये २७ टक्के होते, २०२० मध्ये १७ टक्के आणि २०२३ मध्ये १४ टक्के. अकरा वर्षांत प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या पाहणीत वाचनाचा आनंद वाटतो असे सांगणारी ८ ते १८ वयाची मुले २०२४ मध्ये ३४.६ टक्के होती. २०२५ मध्ये ३२.७ टक्के. २००५ पासूनची ही नीचांकी नोंद आहे. अमेरिकेत २०२१ साली ‘यंग अडल्ट’ कथासाहित्याची विक्री ३०.७ टक्क्यांनी वाढली, ती या घसरणीच्या मध्यावर. एकाच काळात किशोरांची पुस्तके वाढली आणि वाचणारे किशोर घटले. बावकरचे ५५ टक्के हाताशी नसते तर या दोन आकड्यांचा मेळ लागला नसता.

प्रौढ वाचक या कपाटाशी आले कसे? एक स्पष्टीकरण वयाच्या बेरजेचे आहे. स्टेफनी मायर यांची ‘ट्वायलाइट’ २००५ साली आली. नायिका बेला १७ वर्षांची. मालिकेतील ‘ब्रेकिंग डॉन’ने २ ऑगस्ट २००८ रोजी पहिल्या दिवशी अमेरिकेत १३ लाख प्रती विकल्या. त्या दिवशी १४ वर्षांची असलेली मुलगी ‘ऑनिक्स स्टॉर्म’च्या दिवशी तिशी ओलांडत होती. नायिकांची वयेही याच क्रमाने सरकलेली दिसतात: २००५ मध्ये बेला १७, २०१३ मध्ये ‘आफ्टर’ची टेसा १८, २०१५ मध्ये ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ची फेरा १९, २०२३ मध्ये व्हायोलेट २०. अठरा वर्षांत नायिका तीन वर्षांनी वाढली, वाचक अठरा वर्षांनी.

हे स्पष्टीकरण २०२५ला लागू पडते, २०१२ला पडत नाही. २०१२ साली ३० ते ४४ वयाच्या असलेल्या वाचक १९६८ ते १९८२ या काळात जन्मल्या. ‘ट्वायलाइट’ आली तेव्हाच त्या २३ ते ३७ वर्षांच्या होत्या. किशोरवयात लागलेली सवय पुढे चालू राहिली, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही. त्या प्रौढपणीच या कपाटापाशी आल्या. प्रकाशकांनाही हे बावकरच्या आधी कळले होते. सेंट मार्टिन्स प्रेसने नोव्हेंबर २००९ मध्ये एक लेखनस्पर्धा जाहीर केली, तिच्यात ‘यंग अडल्ट’सारखे पण प्रौढांना विकता येईल असे लेखन मागवले. ‘न्यू अडल्ट’ हे नाव तिथून रुळले. नाव आले तेव्हा असे लेखन थोडे होते, ग्राहक पुष्कळ होता.

वाचक म्हणून मला याचे कारण पुस्तकांच्या रचनेत दिसते. या कादंबऱ्यांत मुलीची इच्छा कथेच्या मध्यभागी असते आणि तिचा प्रत्येक निर्णय पहिला असतो: पहिले शहर, पहिली नोकरी, पहिला नकार. पस्तिशीतल्या बाईला लग्न, घर, मुले यांभोवती फिरणारी कथा भरपूर मिळते. निर्णय अजून बाकी असलेली कथा कमी मिळते. त्यासाठी ती १७ वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मोठ्यांच्या पसंतीने हे कपाट बदलत गेले आणि १५ वर्षांच्या मुलीची जागा त्यात आक्रसत गेली.

सारा जे. मास यांचे उदाहरण पाहा. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मे २०१५ मध्ये ‘यंग अडल्ट’ म्हणून आली. २०२० साली ब्लूम्सबरीने हीच मालिका नव्या मुखपृष्ठांसह प्रौढ विभागात आणली. मजकूर तोच, कपाट वेगळे. मधली पाच वर्षे शरीरसंबंधांची सविस्तर वर्णने असलेली ही मालिका किशोरांच्या विभागात होती. प्रौढ विभागात गेल्यावर तिचा खप वाढला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी संपलेल्या वर्षात मास यांच्या पुस्तकांची विक्री १६१ टक्क्यांनी वाढली. ब्लूम्सबरीचे उत्पन्न ३० टक्क्यांनी वाढून ३४.२७ कोटी पौंडांवर आणि करपूर्व नफा ५७ टक्क्यांनी वाढून ४.८७ कोटी पौंडांवर गेला. पुढच्या वर्षी मास यांचे नवे पुस्तक आले नाही. त्या वर्षी उत्पन्न ५ टक्के वाढले, पण नफा सुमारे १४ टक्क्यांनी घटून ४.२१ कोटी पौंडांवर आला. ‘हॅरी पॉटर’ ज्यांच्याकडे आहे, त्या प्रकाशनाचा ताळेबंद एका लेखिकेच्या वेळापत्रकाने हलतो. असा लेखक असला की पुस्तक कोणत्या वयाच्या कपाटात ठेवायचे, याचा निर्णय वाचकाच्या हिताने होईल याची खात्री मला वाटत नाही.

कॉलीन हूवर यांच्या ‘इट एंड्स विथ अस’चा आलेख आणखी वेगळा आहे. कादंबरी ऑगस्ट २०१६ची. बहुतेक कादंबऱ्यांचा खप पहिल्या वर्षात सर्वोच्च असतो. हिचा सहाव्या वर्षी होता. २०२२ मध्ये अमेरिकेत तिच्या २७ लाखांहून अधिक छापील प्रती गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या उत्तरार्धाच्या, आगाऊ नोंदणी धरून, पहिल्या दिवशी ८ लाख. या उशिरा आलेल्या खपाचे श्रेय टिकटॉकवरील वाचकांना दिले जाते, आणि तारखा त्याला दुजोरा देतात. पुस्तक २०१६ ते २०२० तेच होते. बदलली ती शिफारस करण्याची जागा.

या पुस्तकाचा विषय प्रेमापेक्षा मारहाण आहे. नायिका लिली २३ वर्षांची आहे; तिचा प्रियकर, पुढे नवरा, न्यूरोसर्जन आहे आणि तो तिला मारतो. हूवर यांनी आपल्या आईच्या आयुष्यावरून हे घेतले आहे. वाईट पुस्तक म्हणून ते झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. मार खाणारी बाई निघून का जात नाही, हा प्रश्न बाहेरून विचारणाऱ्याला त्याचे उत्तर या कादंबरीत क्रमाने मिळते: पहिला प्रसंग अपघातासारखा वाटतो, दुसऱ्यानंतर माफी येते, तिसऱ्याच्या आधी वाचकही नवऱ्याच्या बाजूने सबबी शोधू लागलेला असतो. ही रचना लेखिकेला साधली आहे. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. चौथ्या फेरीत हे प्रमाण ३१.२ टक्के होते. दहा जणींमागे जवळपास तिघी. सोळाव्या वर्षी हे पुस्तक वाचणे मला गैर वाटत नाही. ते फुलांच्या मुखपृष्ठात, प्रेमकथा म्हणून, काहीही न सांगता हाती पडणे गैर वाटते. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशकांनी या कादंबरीवर रंगवण्याचे पुस्तक काढायचे जाहीर केले आणि वाचकांच्या विरोधानंतर दुसऱ्याच दिवशी तो बेत रद्द झाला. खपाच्या आकड्यांवरून या वाचकांची समज जोखणाऱ्यांनी ही घटनाही हिशेबात धरावी.

आकड्यांतही जपून वाचायचे आकडे असतात. अ‍ॅना टॉड यांनी ‘आफ्टर’ २०१३ पासून वॉटपॅड या ऑनलाइन लेखनमंचावर भागाभागाने लिहिली. तिची १०० कोटींहून अधिक वाचने झाल्याचे सांगितले जाते. वॉटपॅडवर एक भाग एकदा उघडला की एक वाचन मोजले जाते. छापील ‘आफ्टर’च्या पहिल्या खंडात जवळजवळ १०० प्रकरणे आहेत. म्हणजे १०० कोटी वाचने म्हणजे एका खंडाचे फार तर १ कोटी पूर्ण वाचक. मालिकेचे पुढचे खंड धरले तर त्याहून कमी. १ कोटी हाही मोठाच आकडा आहे. दक्षिण कोरियाच्या नेव्हरने २०२१ साली वॉटपॅड ६० कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतले, ते अशा आकड्यांकडे पाहूनच.

एक आकडा या सगळ्या तेजीशी जुळत नाही. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका केंद्राने २०२३ साली १० ते २४ वयाच्या १,५०० जणांना चित्रपट आणि मालिकांबद्दल विचारले. १३ ते २४ वयोगटातील ५१.५ टक्के जणांना मैत्रीच्या कथा अधिक हव्या होत्या. ४७.५ टक्के म्हणाले, की बहुतेक कथांना शरीरसंबंधांच्या दृश्यांची गरज नसते. पाहणी पडद्याबद्दल होती, पुस्तकांबद्दल नव्हती. तेव्हा ती जशीच्या तशी इकडे लावू नये. पण हा त्याच वयाचा गट आहे ज्याच्या नावाने कपाटावर पाटी आहे, आणि त्या गटातील निम्मे जण वेगळे काही मागत आहेत.

भारतात या पुस्तकांचा प्रवास मोजायला कठीण आहे. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली, म्हणजे तिथल्या पुस्तकचर्चेला जोर येण्याआधीच. तरी हूवर यांची पुस्तके इथे पोहोचली, ती इंस्टाग्रामच्या रील्समधून. मुंबईत फ्लोरा फाउंटन-चर्चगेटच्या पदपथावर ती गठ्ठ्यांनी रचलेली दिसतात. त्यातली नकली प्रत हातात घेतल्यावर ओळखू येते: मुखपृष्ठावरचा रंग विटलेला, कागदातून मागची ओळ दिसते, डिंकाची बांधणी पाठीशी फुगलेली, क्वचित एखादा फर्मा उलटा लागलेला. अशी प्रत कोणत्याही आकडेवारीत नाही आणि लेखिकेला तिचा पैसाही मिळत नाही. विकत घेणारी बहुधा कॉलेजातली मुलगी असते. मूळ किंमत तिला परवडत नाही. २००४ साली चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ ९५ रुपयांना आली आणि इंग्रजी कादंबरी विकत घेणारा नवा वर्ग तयार झाला. किमतीचा तो धडा परदेशी पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्यांना अजून पुरता लागू झालेला नाही.

भारतीय भाषांतला हा वाचक फोनवर आहे. बेंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठीसह १२ भाषांत कथा येतात आणि प्रेमकथांच्या मालिका भागाभागाने वाचल्या जातात. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनच्या पुढाकाराने तिच्यात ४.८ कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. मराठी मालिका लिहिणाऱ्या अनेक जणी गृहिणी आणि नोकरदार आहेत. त्यांची नायिका विशीतली असते आणि लग्न बहुधा पहिल्या काही भागांतच उरकते. प्रेम त्यानंतर सुरू होते. अमेरिकी साच्यापासून हा फरक स्पष्ट आहे आणि इथल्या वाचकाच्या आयुष्याशी तो जुळतो.

छापील मराठीत या वयाची कादंबरी कधीच नव्हती असे नाही. ना. सी. फडके यांनी कॉलेजातल्या प्रेमावर कारकीर्द उभी केली. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) आज आली असती तर तिच्यावर ‘न्यू अडल्ट’ची पाटी लागली असती. ३१ वर्षांनी, २०१३ साली, तिच्यावर चित्रपट निघाला आणि तो पाहायला आलेल्यांत कादंबरीनंतर जन्मलेले प्रेक्षक पुष्कळ होते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुलाची. जॉन ग्रीन यांच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मधली सोळा-सतरा वर्षांची मुले ज्या सफाईने बोलतात, ती मला त्या वयाची वाटत नाहीत. ‘शाळा’तला मुकुंद वाटतो. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरच्या मागे चालताना अंतर किती ठेवायचे याचाच तो विचार करत असतो.

अडचण ही की या यादीत १९८२ आणि २००४ यांच्यामध्ये २२ वर्षे आहेत आणि २००४ नंतरचे तितकेच ठळक नाव मला चटकन देता येत नाही. मागणी नाही म्हणावे, तर पडद्यावरचे आकडे आड येतात. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’च्या चित्रपटाने १.२ कोटी डॉलर खर्चावर ३०.७ कोटी मिळवले, साधारण २५ पट. ‘इट एंड्स विथ अस’ने २.५ कोटींवर ३५.१ कोटी, १४ पट. ‘आफ्टर’ने १.४ कोटींवर जवळपास ७ कोटी, ५ पट. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ने सुमारे ४ कोटी रुपयांवर सुमारे ११० कोटी मिळवले, २७ पट. या चारांत पुस्तकावरून न घेतलेला चित्रपट एकच आहे, तो मराठी.

मराठी कादंबरीची एक आवृत्ती साधारण ११०० प्रतींची असते, अलीकडे अनेकदा ५००ची. ती संपायला वर्ष-दोन वर्षे गेली तरी प्रकाशक समाधान मानतो. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे १६ लाख मुलेमुली बसतात. त्यांपैकी दर १,४५० जणांमागे एकाने विकत घेतली, तरी अशी आवृत्ती संपते.